ब्लूज हार्मोनिकाचा टोन कसा कमवायचा: पहिल्या श्वासापासून बेंडपर्यंत

आपल्याकडे माउथ ऑर्गन म्हटलं की जुनी हिंदी गाणी आणि दोन ओळींच्या भोकांचा, थरथरत्या आवाजाचा तो लांबट बाजा डोळ्यासमोर येतो, आणि दुकानात जाऊन नुसतं "माउथ ऑर्गन द्या" म्हटलं तर बहुतेक वेळा तोच हातात पडतो. त्याला ट्रेमोलो म्हणतात. एका सुरासाठी किंचित कमीजास्त जुळवलेल्या दोन रीड्स (हवेने थरथरून वाजणाऱ्या धातूच्या पट्ट्या) असतात, म्हणून आवाज थरथरतो. गोड वाजतो, पण ब्लूजसाठी, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांच्या त्या संगीतासाठी, कामाचा नाही, कारण त्यात प्रत्येक रीडचं घर वेगळं असतं आणि सूर वाकवता येत नाही. ब्लूजला लागतो दहा होलचा डायटॉनिक, म्हणजे एकाच पट्टीच्या सुरांचा बाजा. वाजवणारी माणसं त्याला नुसतं हार्प म्हणतात, मीपण तेच म्हणणार आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे पुढचा क्रम असा का आहे ते कळेल. बहुतेक लोक टॅब्ज (होलच्या आकड्यांत लिहिलेले सूर) बघून सूर शिकतात, दोनतीन महिन्यांत चारपाच लिक्स, म्हणजे सुरांचे छोटे तुकडे, येतात, पण आवाज पातळ आणि चिरका राहतो, मग ते महागडी हार्प घेतात आणि आवाज तसाच राहतो. कारण टोन हार्पमध्ये नसतोच फारसा. तो घशात, तोंडाच्या पोकळीत आणि श्वासात असतो. आणि जी पोकळी टोन देते तीच बेंड, म्हणजे सूर वाकवणं, देते, त्यामुळे टोनवर आधी काम केलं की बेंड अर्धा तिथेच सुटतो. म्हणून या लेखात लिक्स कमी आहेत आणि श्वासाबद्दल बरंच आहे.

हार्प कुठली घ्यायची

हे पटकन उरकू. सी पट्टीची घ्या, कारण शिकवण्याचं बहुतेक साहित्य सीवर आहे. होनरची स्पेशल ट्वेंटी, सुझुकीची हार्पमास्टर, ली ऑस्कर, सायडलची सेशन स्टील, यातली कुठलीही चालेल. अगदी स्वस्तातली खेळण्यासारखी हार्प घेऊ नका, तिच्यात हवा गळते आणि तुम्हाला वाटत राहतं की आपल्यालाच जमत नाही. लाकडी कोंबची (कोंब म्हणजे होल पाडलेला मधला सांगाडा) मरीन बँड ही १८९६ पासूनची हार्प आहे आणि जुन्या शिकागोच्या रेकॉर्डवर जो आवाज ऐकू येतो तो बऱ्याचदा तिचाच, पण सील न केलेलं लाकूड ओलाव्याने फुगतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात, त्यात कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर, पहिली हार्प प्लास्टिक कोंबचीच बरी.

सा कुठे आहे ते आधी शोधा

सी हार्पवर फुंकलं की सी मेजर कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा मेळ) येते. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेनला होनरने १८५७ साली हार्मोनिका बनवायला सुरुवात केली तेव्हा डोळ्यासमोर जर्मन लोकगीतं होती, फुंकलं की घरचा कॉर्ड हा त्यामागचा हिशेब. पण हे स्वस्त वाद्य अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या लोकांच्या हातात पडलं आणि त्यांनी हिशेबच उलटा केला. श्वास आत ओढून जो कॉर्ड येतो त्याला घर मानलं. सी हार्पवर एक ते चार होल आत ओढले की जी मेजर येते, त्यात पाचवा होल जोडला की वर कोमल निषाद येतो, म्हणजे थेट जी सेव्हन, ब्लूजचा हक्काचा कॉर्ड. शिवाय ओढून वाजवलेले खालचे सूर वाकवता येतात. याला सेकंड पोझिशन किंवा क्रॉस हार्प म्हणतात आणि ब्लूजचा फार मोठा हिस्सा यातच वाजतो.

ज्यांना सरगम येते त्यांच्यासाठी हे फार सोपं आहे, आणि मला तर वाटतं की आपण मराठी माणसांनी हार्प सरगममधूनच शिकावी. टॅबची पद्धत अशी: नुसता आकडा म्हणजे फुंकायचं, आकड्याआधी वजाचं चिन्ह म्हणजे ओढायचं. आता जीला सा धरा, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी पाच. मग -१ मंद्र पंचम, -२ सा, -३ शुद्ध गंधार, -४ पंचम, -५ कोमल निषाद, -६ तार रिषभ. फुंकून १ मंद्र मध्यम, २ मंद्र धैवत, ३ पुन्हा सा, ४ मध्यम, ५ धैवत, ६ तार सा. हे आठवडाभर पाठ करा, हार्प हातात नसतानासुद्धा. -२ आणि ३ हा एकच सूर आहे हे विशेष लक्षात ठेवा, पुढे त्याचा फार उपयोग होणार आहे.

कुठल्या गाण्याला कुठली हार्प, याचा नियमही सरगममधून एका ओळीत निघतो: गाण्याचा सा धरा, त्याचा शुद्ध मध्यम ज्या पट्टीत येईल ती हार्प घ्या. गिटारवाला ई मध्ये वाजवतोय, तर ए हार्प. तो ए मध्ये असेल तर डी. जी मध्ये असेल तर आपली सी.

श्वास, म्हणजे हार्पवरचा खर्ज

गाणारी मंडळी पहाटे उठून खर्ज लावतात ते कशासाठी, तर आवाजाला पाया यावा म्हणून. हार्पवरही अगदी तेच करायचं आहे आणि हे काम कंटाळवाणं वाटलं तरी टाळू नका.

खुर्चीच्या कडेला ताठ बसा किंवा उभे राहा, खांदे सैल, हनुवटी जरा वर. हार्प डाव्या हातात अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये, आकडे वरच्या बाजूला, एक नंबरचा होल डावीकडे. आता हार्प तोंडात बऱ्यापैकी आत घ्या. ओठांच्या टोकाने चिमटीत धरल्यासारखी नको, ओठांचा आतला ओलसर भाग तिच्यावर टेकला पाहिजे. आणि हार्पची मागची बाजू, म्हणजे होल नसलेली, थोडी वर उचला म्हणजे तोंडातली बाजू खाली झुकेल. एवढ्याने आवाजात फरक पडतो, करून बघा.

आता एक, दोन, तीन, चार हे होल एकत्र, आत श्वास घ्या. ओढू नका. ओढणं हा शब्दच खरं तर घात करतो, नुसता श्वास घ्यायचाय, जसा झोपेत घेतो तसा, आणि हार्प वाटेत आहे एवढंच. पोट बाहेर येऊ दे, छाती वर जाऊ नये. घसा जांभई देताना उघडतो तसा मागे मोकळा ठेवा, जीभ खाली सपाट. किती हळू वाजवता येतं ते बघा, इतकं हळू की रीड जेमतेम बोलतेय. मग तोच कॉर्ड हळूहळू मोठा करा आणि परत बारीक करत आणा, आठ मात्रा घेताना, आठ मात्रा सोडताना. फुंकतानाही हेच, खरं तर फुंकणं म्हणायलाच नको, गरम हवा सोडायची, आरशावर वाफ धरायला सोडतो तशी.

रोज दहा मिनिटं एवढंच. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप लावा, पांढरी पाच, आणि त्याच्यावर हे कॉर्ड धरा. काही दिवसांनी लक्षात येईल की हार्पचा आवाज समोरून येतोय असं न वाटता डोक्याच्या आतून, छातीतून येतोय असं वाटायला लागलंय. जोर वाढवून हे होत नाही, जोराने रीड उलट गुदमरते, सूर खाली घसरतो आणि फार दिवस असं वाजवलं तर रीड कायमची उतरते. चार आणि पाच नंबरचे ड्रॉ, म्हणजे ओढून वाजवायच्या रीड्स, सगळ्यात आधी जातात.

एकेक सूर, आणि दोन नंबरचा ड्रॉ

एक सूर वेगळा काढायच्या दोन पद्धती आहेत. पहिली ओठांची, तोंड "ऊ" म्हणताना होतं तसं, त्याला पकर म्हणतात. दुसरी जिभेची, टंग ब्लॉकिंग, तिच्याकडे नंतर येतो. सुरुवात पकरने करा. फक्त "ऊ" करताना ओठ आवळू नका आणि तोंडाच्या आतली जागा कमी करू नका. बाहेर ऊ, आत आ. हे जमलं की टोनचं निम्मं काम झालं असं समजा.

आता तो -२. नवी हार्प घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाला वाटतं की हा होल बिघडलेला आहे. आवाज येत नाही, आला तर बसका, घोगरा, पाव सूर खाली. हार्प सहसा ठीक असते. तुमच्या तोंडातली पोकळी लहान आहे, जीभ मागे चढलेली आहे, त्यामुळे नकळत बेंड होतोय. आणि बऱ्याचदा नाकातून हवा गळतेय.

माझ्याकडे एक ताई शिकायला यायच्या, पेटी उत्तम वाजवायच्या, सुराची जाण माझ्याहून बरीच बरी, पण -२ काही केल्या निघेना आणि त्या म्हणाल्या हार्पच बदलून आणते. मी म्हटलं ताई, एकदा नाक चिमटीत धरा आणि तसाच श्वास घ्या. धरलं आणि सूर खणखणीत आला, अगदी खोलीत भरून राहिला. श्वासाची अर्धी हवा नाकातून येत होती, रीडपर्यंत पोचतच नव्हती. तुम्हीही ही तपासणी करा: एक लांब सूर वाजवताना मध्येच नाक धरा, आवाज बदलला तर गळती आहे. उपाय असा, फुगा फुगवताना किंवा स्ट्रॉने पाणी ओढताना नाक आतून आपोआप बंद होतं, टाळूचा मागचा मऊ भाग वर जातो. ती जाणीव पकडायची आणि हार्पवर आणायची. नाक धरून वाजवा, सोडून वाजवा, परत धरून, असं करता करता एका आठवड्यात बसतं.

गळती नसेल तर मग पोकळी. -१ -२ -३ असा कॉर्ड घ्या, जांभईचा घसा, आणि श्वास न तोडता ओठ हळूहळू आवळत फक्त दोनवर या. आत काहीही बदलायचं नाही. सूर घसरला की परत कॉर्डवर जा. आणि पडताळा घ्यायला आपला ३ आहेच, ३ फुंका, -२ ओढा, ३ फुंका, -२ ओढा, दोन्हीचा सा तंतोतंत एक लागला पाहिजे. तानपुरा चालू ठेवा, फरक लगेच कळतो.

बेंड

आता मुख्य गोष्ट. एका होलमध्ये दोन रीड्स असतात, एक फुंकण्याची, एक ओढण्याची, आणि दोघींना एकच घर. साधा ड्रॉ वाजतो तेव्हा ड्रॉची रीड बोलते. तुम्ही तोंडाची पोकळी बदलून हवेचा जो सूर जुळवता तो खाली नेला की ड्रॉची रीड खाली खेचली जाते आणि फुंकण्याची रीडही कंप पावायला लागते, पुरा बेंड झाला की जास्त काम तीच करत असते. म्हणून वाकलेला सूर कायम त्या दोन रीड्सच्या मध्ये कुठेतरी असतो. पेटीतही अशाच रीड्स असतात पण एका सुराला एक घर आणि तोंड तिथे पोचत नाही, म्हणून पेटीवर मींड निघत नाही. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली तेव्हा जे आक्षेप होते त्यात हा एक होता. हार्पवर मात्र मींड निघते, आणि काय सुंदर निघते.

सरगममध्ये मांडलं तर कुठल्या होलमध्ये काय मिळतं हे वेगळं पाठ करावं लागत नाही. तीन नंबरला फुंकून सा, ओढून शुद्ध ग, तर मधले तिन्ही सूर, कोमल ग, शुद्ध रे, कोमल रे, सगळे बेंडमध्ये मिळतात. दोन नंबरला ध आणि सा, मधले दोन्ही निषाद मिळतात. एक आणि चारला म आणि प, मध्ये तीव्र म. सहाला सा आणि रे, मध्ये कोमल रे. पाचला ध आणि कोमल नी चिकटूनच आहेत, तिथे फार तर थोडासा झोल देता येतो, पूर्ण बेंड नाही, आणि तिथे जोर लावून रीड मारू नका. सातच्या पुढे फुंकण्याचा सूर वरचा होतो त्यामुळे तिकडे बेंड फुंकून होतात, आठ, नऊ, दहाला, पण ते खूप नंतरचं काम.

कसं करायचं. हार्प बाजूला ठेवा. ओठांची ऊ करून आत श्वास घेत शीळ वाजवा, बारीक का होईना, आणि तो सूर वरून खाली आणा. जीभ काय करतेय बघा. वरच्या सुराला जीभ पुढे आणि उंच, "ई" म्हणतो तशी, खाली येताना ती मागे सरकते आणि मागच्या भागाला एक उंचवटा येतो, आपण "ग" म्हणताना जीभ जिथे टाळूला लागते साधारण तिथे, फक्त लावायची नाही, एक चिंचोळी फट ठेवायची. शीळ येत नसेल तर श्वास आत घेत कुजबुजल्यासारखं "ई... ऊ" म्हणा, हवेचा आवाज खाली उतरतो तो ऐका. बेंड म्हणजे हेच.

आता -४ घ्या, सुरुवातीला हाच सोपा जातो. लांब, स्वच्छ, मोकळा सूर लावा, तो आधी नीट लागला पाहिजे. मग श्वासाचा जोर अजिबात न वाढवता ई पासून ऊ कडे जा. पहिल्यांदा काहीच होणार नाही, किंवा सूर बंद पडेल. जीभ हळू, अगदी हळू मागे न्या, एक जागा येते जिथे रीड अडते, जड होते, हाताला नाही पण टाळूला ते जाणवतं, आणि मग सूर खाली सुटतो. ती जागा सापडली की तिथेच थांबा, श्वास पोटातूनच चालू. जोराने ओढून, ओठ आवळून, हार्प वाकडी करूनही सूर खाली जातो हे खरं आहे, युट्यूबवर असं शिकवणारेही आहेत, पण तो सूर पिचलेला येतो आणि टिकत नाही, कृपा करून त्या वाटेला जाऊ नका.

-४ जमला की -१, मग -६, मग -२ आणि सगळ्यात शेवटी -३. जितका खालचा सूर तितकी पोकळी मोठी आणि उंचवटा मागे, जवळजवळ घशाशी. सहाला तो बराच पुढे असतो, "च" म्हणतो त्या बाजूला. हे फरक कागदावर वाचून कळतील असं नाही, पण कुठे शोधायचं ते माहीत असलं की वेळ वाचतो.

आता बेंड सुरात आणा, इथे बहुतेक सगळे घाई करतात. बेंड म्हणजे सूर खाली पाडणं एवढंच नाही, कुठल्या सुरावर नेऊन उभा केला ते महत्त्वाचं. -४ चा प, मग बेंड करून तीव्र म, तिथे चार मात्रा थांबा, परत प. ट्यूनर ॲपची सुई बघा, पण त्याहून चांगलं म्हणजे आधी तो सूर गाऊन बघा आणि मग वाजवा. जो सूर गाता येत नाही तो बेंडमध्ये सापडत नाही. पुढची पायरी, जीभ आधीच जागेवर ठेवून थेट बेंड केलेल्या सुरावर उतरणं, वरून घसरत न येता. ते आलं की बेंड आला.

-३ बद्दल थोडं जास्त लिहितो कारण ब्लूजचा जीव तिथे आहे. अर्धा सूर बेंड केला की कोमल गंधार, पण मोठे वादक तो पियानोच्या पट्टीवरचा कोमल गंधार क्वचितच लावतात. पहिल्या कॉर्डवर असताना तो कोमल आणि शुद्धच्या मध्ये कुठेतरी असतो, कधी खालून वर सरकतो, कधी तिथेच झुलत राहतो. ज्यांनी दरबारीचा आंदोलित गंधार ऐकलाय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही, फक्त तो कोमलच्याही जरा खाली ओढ घेतो आणि ब्लूजचा गंधार कोमलच्या वर, शुद्धकडे झुकून राहतो. आणि बँड चौथ्या कॉर्डवर, म्हणजे मध्यमाच्या कॉर्डवर गेला की मात्र कोमल गंधार पुरा खाली घ्यायचा, तिथे शुद्ध गंधार कानाला टोचतो. तानपुऱ्यावर -३ लावा, अगदी किंचित वाकवा, थांबा, अजून किंचित, थांबा. शुद्धपासून कोमलपर्यंत जितक्या जागा सापडतील तितक्या शोधा. माझं आवडतं काम आहे हे, आणि यात कंटाळा कधीच आला नाही.

आता ब्लूज स्केल वाजेल. वजाच्या आकड्यापुढे वर एक छोटी रेघ (') म्हणजे अर्धा सूर बेंड: -२ -३' ४ -४' -४ -५ ६. सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नी, सा. उतरताना प, तीव्र म, म, कोमल ग, सा, म्हणजे -४ -४' ४ -३' -२, एवढाच तुकडा वेगवेगळ्या लयीत शंभर प्रकारे वाजवता येतो.

टंग ब्लॉकिंग

शिकागोचा तो भरदार आवाज इथून येतो. तोंड चार होल भरेल इतकं उघडं, जिभेचा शेंडा जरासा मागे घेऊन जिभेचा पुढचा पसरट भाग डावीकडच्या तीन होलवर, आणि उजव्या कोपऱ्यातून एकच सूर. सुरुवातीला लाळ येते, जीभ दुखते, दोन सूर येतात, सगळं होऊ दे. फायदा हा की तोंड आपोआप मोठं उघडं राहतं त्यामुळे टोन जाड होतो, आणि जीभ उचलली की कॉर्ड, टेकवली की सूर, हे दोन्ही हाताशी राहतं. कॉर्डने सुरू करून लगेच जीभ आपटायची, त्याला स्लॅप म्हणतात, साधा -४ स्लॅपने वाजवून बघा आणि मग पकरने, दोन वेगळी वाद्यं वाटतील.

जीभ मध्ये ठेवून दोन्ही कोपऱ्यांतून वाजवलं की सप्तक मिळतं. फुंकताना तर सगळीकडे जमतं, १ आणि ४, ३ आणि ६, ४ आणि ७. ओढताना -१ आणि -४ हा पंचमाचा जोड छान लागतो, पण -२ आणि -५ घेतलं तर सा आणि कोमल नी येतात, सप्तक नाही, आणि ब्लूजमध्ये तो खडबडीतपणा मुद्दाम वापरतात. वर जाताना ओढण्याच्या सप्तकाला एक होल जास्त अंतर लागतं, -३ आणि -७.

बेंड आधी पकरने शिका आणि मग जीभ ठेवून. उलट केलं तरी चालतं, पण मी पाहिलंय की तसं करणारे बरेच जण मध्येच सोडून देतात.

हात आणि थरथर

उजवा हात हार्पच्या मागे असा आणा की दोन्ही तळहातांत एक बंद पोकळी तयार होईल. चांगली बंद झाली की आवाज एकदम गडद होतो, उघडली की उजळ. बंद ते उघड असं सावकाश केलं की "वाऽ". कनिष्ठिकेच्या बाजूने फट राहते तिथे लक्ष द्या.

गळ्याचं व्हायब्रेटो, म्हणजे सुराची थरथर, शिकायला वेळ लागतो. ड्रॉ वाजवताना अगदी हलकं, आवाज न करता खोकल्यासारखं श्वासाला तोडा, मात्रेला एक, मग दोन, मग तीन, मग चार. पूर्ण तोडायचं नाही, फक्त खाचा पाडायच्या. मेट्रोनोमवर करा. लयीत नसलेलं व्हायब्रेटो घाबरल्यासारखं ऐकू येतं.

बारा बारचा हिशेब

ब्लूजचा साचा बारा बारचा, प्रत्येकी चार मात्रा, एकूण ४८. म्हणजे तीनतालाची तीन आवर्तनं, आणि गाण्याच्या ओळीही तीनच असतात, बहुतेक वेळा पहिली ओळ दोनदा आणि मग तिसरी उत्तराची. पहिले चार बार सा चा कॉर्ड, मग दोन म चा, दोन सा चा, मग एक प, एक म, एक सा, आणि शेवटचा परत प, फिरून समेवर यायला. मात्रा तिस्र जातीत मोडायची आणि तीनपैकी पहिला आणि तिसरा ठोका वाजवायचा, हा झाला शफल. सगळ्यात आधी हार्पवर फक्त कॉर्डने हा साचा धरायला शिका: सा असेल तिथे -१ -२ -३ -४ ओढा, म असेल तिथे फुंका, प असेल तिथे -१ किंवा -४. यूट्यूबवर जी मधले बॅकिंग ट्रॅक भरपूर आहेत, सावकाश वाला निवडा. आणि ओळीच्या पहिल्या दोन बारमध्ये बोला, पुढच्या दोनमध्ये गप्प बसा. गाणारा गातो, हार्प उत्तर देते, ही जुनी रीत आहे. सतत वाजणारी हार्प कोणालाच ऐकवत नाही.

कोणाला ऐकायचं

लिटल वॉल्टर अर्थातच. लुइझियानातल्या मार्क्सविलमध्ये १९३० ला जन्मलेला, शिकागोचा ब्लूज गायक मडी वॉटर्स याच्या बँडमधला, माइक हातात हार्पसोबत बंद करून ॲम्पमधून वाजवण्याला त्याने जे रूप दिलं ते अजून चालू आहे. १९५२ ची त्याची "ज्यूक" ही निव्वळ वाद्यसंगीताची रेकॉर्ड बिलबोर्ड या अमेरिकन नियतकालिकाच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) यादीत आठ आठवडे पहिली होती. ती ए हार्पवर ई मध्ये आहे, तेव्हा सी हार्प घेऊन तिच्यासोबत वाजवत बसू नका. टोनसाठी मात्र मी आधी बिग वॉल्टर हॉर्टनकडे पाठवेन, कमी सूर आणि प्रत्येक सूर भरलेला. माइकशिवाय, नुसत्या हाताने आणि घशाने काय होतं ते ऐकायला सनी बॉय विल्यमसन, पण या नावाचे दोन आहेत, मी म्हणतोय तो दुसरा, राइस मिलर, जो १९४१ पासून आर्कन्सामधल्या हेलेनाच्या रेडिओवर वाजवायचा. आणि कॉर्ड, लय, मध्येच तोंडाने दिलेली हाळी यासाठी सनी टेरी.

ऐकायचं कसं, तर एकच वाक्य निवडा, सातआठ सेकंदांचं, वेग निम्मा करा, आधी ते गा. मग वाजवा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून मूळ आणि तुमचं पाठोपाठ ऐका. सूर जुळतात का हे शेवटी बघा. आधी सूर सुरू कसा होतो, संपतो कसा, मध्ये पोट किती आहे ते बघा.

ॲम्प आणि निगा

बुलेट माइक (हार्पवाले मुठीत धरतात तो) आणि छोटा ट्यूब ॲम्प घ्यायची घाई नको. ॲम्प तुमचा आवाज मोठा करतो, पातळ असेल तर पातळ आवाजच मोठा होतो. नंतर घ्याल तेव्हा शूअरची ग्रीन बुलेट हा सरळ पर्याय आहे. माइक आणि हार्प दोन्ही हातांच्या बंद पोकळीत, हवा कुठूनही निसटू न देता, आणि श्वास नेहमीपेक्षाही कमी.

हार्प वाजवण्याआधी चूळ भरा, खाऊन लगेच वाजवू नका, विशेषतः गोड. झाल्यावर होल खाली करून तळहातावर हलकेच आपटा म्हणजे लाळ निघते, आणि उघडी ठेवून वाळू द्या, ओली डबीत बंद केली की पितळी रीड्सवर हिरवट थर चढतो. थंडीत वाजवण्याआधी मिनिटभर हातात धरून कोमट करा. एखादी रीड हवेसारखी फुसफुसत असेल तर कव्हरचे स्क्रू काढून रीडची फट बघा, फार उघडी असेल तर पातळ पत्र्याने अगदी हलका दाब देऊन कमी करा, हळू वाजवताना गुदमरत असेल तर किंचित वाढवा. हे आधी एखाद्या जुन्या हार्पवर करून बघा आणि एका वेळी एकाच रीडला हात लावा.